ताऱ्याभोवतीचं वर्तुळ

नाखवासर निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली. तरी कॉलेजात नवा माणूस रुजू झाला की चहाच्या टेबलावर कुणीतरी त्याला सरांची गोष्ट सांगतं, आणि दर वेळी चुकीची सांगतं. एक म्हणतो, सरांनी एका पोरीचं चांगलं चाललेलं करिअर बुडवलं. दुसरा म्हणतो, छे हो, सर म्हणजे देवमाणूस. मला दोघांचाही राग येतो. चहात साखर कमी पडली म्हणून तासभर तोंड पाडून बसणारा माणूस देवमाणूस कसा असेल? आणि बुडवलं म्हणणाऱ्यांपैकी त्या दुपारी प्रयोगशाळेत कुणीच नव्हतं. मी होतो. कपाटाची चावी माझ्याकडे होती.

मी चौलचा. अलिबागजवळच्या आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक आहे. बी.एस्सी. झालोय, तेही दुसऱ्या खेपेला, त्यामुळे पुढे जे आकाशातलं सांगणार आहे ते सरांनी मला ज्या शब्दांत सांगितलं त्याच शब्दांत सांगणार. त्यात चूक निघाली तर ती माझी.

दामोदर नाखवा थळचे. घरचा धंदा मासेमारीचा, भाऊ हिराजी अजून होडीवर जातो. सर सहा फुटाला थोडे कमी, रंगाने काळे, बाही कोपरापर्यंत दुमडलेली, आणि खिशात नेहमी कागदाच्या चिठ्ठ्या. या चिठ्ठ्या म्हणजे सरांचं वेड होतं. कुठलीही गोष्ट बघण्याआधी ते आपला अंदाज चिठ्ठीवर लिहून खिशात टाकत. परीक्षेचा निकाल, क्रिकेटचा सामना, शिपायाच्या बायकोला मुलगा की मुलगी, काहीही. मग निकाल लागला की चिठ्ठी काढून सगळ्यांसमोर वाचत, आणि दहातल्या सात वेळा तोंडावर आपटत. त्याचं त्यांना काही वाटत नसे. "आधी सांगा, मग बघा," हे त्यांचं पालुपद. पोरं म्हणत, सरांचं लग्नसुद्धा असंच झालं असणार.

हे वेड कुठून आलं ते मला एका वर्षी कळलं. पहिल्या वर्षाच्या पोरांना लोलकाचा प्रयोग असतो. लोलक हलवायचा, वेळ मोजायची, दोरीची लांबी मोजायची आणि गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. तो आकडा ९.८ येतो हे आमच्या पोरांना दहावीपासून पाठ. सरांनी मला कामाला लावलं. मोजपट्ट्यांवर मी त्यांनी छापून आणलेल्या कागदी पट्ट्या चिकटवल्या, ज्यातला प्रत्येक सेंटीमीटर खऱ्यापेक्षा थोडा लांब होता. म्हणजे प्रामाणिकपणे मोजलं तर उत्तर नऊच्या आसपास यायला हवं. आठवडाभर प्रयोग चालले. वह्या तपासल्या तर दोन-तीन पोरं सोडून सगळ्यांचं उत्तर ९.८.

मी हसत सुटलो. म्हटलं, सर, लबाड आहेत सगळी, एकेकाला उभं करा. सर हसले नाहीत. म्हणाले, "लबाड नाहीत, नंदू. लबाडाला आपण लबाडी करतोय हे माहीत असतं. यांनी घड्याळ दाबलं ते खरंच बघून दाबलं. पण उत्तर ठाऊक असलं की डोळा तिथेच जाऊन थांबतो." मग त्यांनी त्या सगळ्यांना पुन्हा प्रयोग करायला लावला आणि पट्ट्यांचं गुपित शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्या वर्षीच्या पोरांना अजून वाटतं की सर खडूस होते.

आता त्यांच्या संशोधनाबद्दल. कॉलेजात पाहुणे आले की म्हणायचे, नाखवासर आकाशाचा अभ्यास करतात ना, दुर्बीण दाखवा. दुर्बीण नव्हतीच. कुठल्यातरी परदेशी डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीने काढलेली चित्रं सगळ्यांना खुली असतात, ती सर संगणकावर उतरवून घेत आणि महिनोन्महिने त्यांच्याशी झटत. त्यांचा विषय होता दीर्घिकांचे समूह. आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका, तशा शेकडो दीर्घिका जिथे एकमेकींना धरून राहतात तो समूह. त्यात डोळ्याला दिसतं ते अगदी थोडं. बाकीचं सगळं वजन कृष्णद्रव्याचं, म्हणजे डार्क मॅटरचं, जे ना उजेड देतं ना उजेड अडवतं. ते नेमकं कुठे आणि कसं पसरलंय हे शोधायचं होतं.

सायली म्हात्रे त्यांच्याकडे पीएच.डी.ला आली तेव्हा एका रविवारी सरांनी तिला आणि मला थळच्या किनाऱ्यावर नेलं. सायली रेवसच्या अलीकडल्या गावची. आजोबांपर्यंत मिठागर, बापाचे आता दोन टेंपो, आणि घरात पदवीपुढे गेलेली ही पहिलीच. हिराजी वाळूत बसून जाळं शिवत होता. सरांनी समुद्राकडे बोट केलं. खांदेरी बेटाच्या अंगाला पाण्यावर काळे ठिपके दिसत होते, ते डोलीचे बोये, म्हणजे जाळ्याला बांधलेल्या तरंगत्या खुणा. डोल म्हणजे प्रवाहात रोवलेलं मोठं जाळं. सरांनी हिराजीला विचारलं, जाळं दिसतंय का? तो म्हणाला, न्हाय. मग कुठे आहे ते कसं कळतं? हिराजीने आमच्याकडे असं पाहिलं की शहाण्या माणसांना काय हे प्रश्न पडतात. "बोयावरनं," तो म्हणाला. "पन सगळंच बोये आपलं नसतात. दुसऱ्याचा तुटून वाहत आलेला बी असतो. त्याला आपला धरला तर होडी भलतीकडंच जाते."

परतताना सर सायलीला समजावत होते. समूहातल्या दीर्घिका एकमेकींजवळून जाताना एकमेकींचे तारे ओढून तोडतात. ते तारे मग कुठल्याच दीर्घिकेचे राहत नाहीत, मधल्या मोकळ्या जागेत भटकतात. त्यांच्यावर एका दीर्घिकेची सत्ता चालत नाही, सगळ्या समूहाचं वजन नेईल तिकडे ते जातात. म्हणून त्यांचा जो पुसट उजेड पसरतो तो कृष्णद्रव्याच्या आकाराने पसरायला हवा. तो उजेड म्हणजे आपले बोये, सर म्हणाले.

हे खरं आहे का, एवढंच सायलीच्या प्रबंधात तपासायचं होतं. त्यासाठी एका समूहाचे दोन नकाशे हवे. एक उजेडाचा, तो सर काढणार. दुसरा वजनाचा, तो सायली. समूहाच्या मागे फार दूर ज्या दीर्घिका असतात त्यांचा उजेड या वजनाजवळून येताना किंचित वाकतो, त्यांचे आकार जरासे ताणलेले दिसतात. असे हजारो आकार मोजले की वजन कुठे आहे ते निघतं. दोन्ही नकाशे जुळले तर नुसत्या उजेडावरून कृष्णद्रव्य शोधता येईल.

आणि इथे सरांचा नियम. एकाने दुसऱ्याचा नकाशा बघायचा नाही. आपापला पुरा करायचा, पारदर्शक कागदावर छापायचा, पाकिटात घालून लाखेने बंद करायचा, सही करायची आणि नंदूच्या कपाटात ठेवायचा. दोन्ही पाकिटं सगळ्यांसमोर एकाच वेळी फोडायची. सायलीला हे जरा अतीच वाटायचं. लाख आणायला मला अलिबागच्या तीन दुकानांत फिरावं लागलं तेव्हा मलाही वाटलं.

प्रबंध संपत आला त्या वर्षी सायलीला परदेशात संशोधनाची एक जागा मिळाली. अट एकच, प्रबंध गणपतीच्या आत विद्यापीठात गेला पाहिजे. सायलीने रात्रीचा दिवस केला आणि जूनमध्ये तिचा नकाशा तयार झाला. सरांचा अडला होता. अडला होता एका ताऱ्यापाशी.

तो तारा समूहाचा नव्हेच, आपल्याच आकाशगंगेतला, वाटेत आडवा आलेला. चित्रात उजव्या बाजूला होता आणि भयंकर तेजस्वी. असा तारा असला की त्याचा उजेड कॅमेऱ्यात भोवती सांडतो. म्हणून त्याच्याभोवती एक वर्तुळ काढून तेवढा भाग झाकून टाकायचा. पण केवढं वर्तुळ? लहान काढलं तर ताऱ्याचा सांडलेला उजेड समूहाचा म्हणून मोजला जाईल. मोठं काढलं तर समूहाचा खरा उजेडही झाकला जाईल. बाकी लहानसहान ताऱ्यांसाठी सरांचं ठरलेलं माप होतं, या ताऱ्याला ते लागू पडेना. आठवडाभर सर वर्तुळ काढत होते आणि पुसत होते. सायली रोज येऊन "झालं का, सर?" विचारत नव्हती, पण दारातून डोकावून जात होती, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

एका मंगळवारी दुपारी दोनला वीज गेली. सायलीने आपला नकाशा तेव्हाच छपाईला दिलेला. तिने थोडा वेळ वाट बघितली आणि रेवसची बस चुकेल म्हणून ती निघून गेली. चारला वीज आली. सर आपली प्रश्नपत्रिका छापायला आले, त्यांनी संगणक सुरू केला, आणि प्रिंटरने आधीचं राहिलेलं काम आपलं आपण पुरं करून टाकलं. मी वर्णपटाच्या प्रयोगाचे दिवे घेऊन दारात आलो तेव्हा सरांच्या हातात एक कागद होता. त्यांनी तो पालथा करून टेबलावर ठेवला, वर पेपरवेट ठेवला आणि हात मागे घेऊन उभे राहिले.

"हा सायलीचा आहे," ते म्हणाले. "पाकिटात घालून तिला दे."

मी गमतीने विचारलं, "पाहिला की काय, सर?"

"माझी प्रश्नपत्रिका कुठे गेली?" ते म्हणाले.

हे उत्तर नव्हतं. ते मला तेव्हाच कळलं. पण मी कागद पाकिटात घातला आणि दिवे कपाटात लावायला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी वर्तुळ नक्की केलं. आठवडाभर अडलेलं काम दुपारच्या जेवणापर्यंत संपलं. शुक्रवारी दोन्ही पाकिटं लाख लावून माझ्या ताब्यात आली. फोडायची पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी.

ते आठ-नऊ दिवस मी विसरणार नाही. सरांनी एकदाही चहाबद्दल कुरकुर केली नाही. एकदा तर मी साखर घालायलाच विसरलो आणि ते तसाच पिऊन गेले. सायली खुशीत होती, प्रबंधाची बाकीची प्रकरणं घेऊन येई, सर दुरुस्त्या करत, पण तिच्या तोंडाकडे बघत नसत. गुरुवारी मी न राहवून म्हटलं, सर, या वेळी चिठ्ठी नाही का लिहिली, जुळेल की नाही? ते म्हणाले, या वेळी नको. मी विचारू शकलो असतो. माझ्याजवळ विचारायला आठ दिवस होते. पण सायलीची तारीख माझ्याही डोळ्यांसमोर होती, आणि खरं सांगायचं तर मला उत्तर नको होतं.

शनिवारी दोनला सगळे जमले. प्राचार्य होते, एम.एस्सी.ची दोन मुलं होती, आणि सायलीचे वडील गजानन म्हात्रे नवा शर्ट घालून, मांडीवर पेढ्यांचा डबा घेऊन स्टुलावर बसले होते. मी पाकिटं काढली. सायलीने लाख फोडली. तिने सरांचा नकाशा खिडकीच्या काचेवर धरला, उजेडाच्या जागी काळसर छापलेले पट्टे. त्यावर आपला ठेवला, लाल रेषांचा. आधी मधला भाग जुळवला, तो बसला. मग तिची नजर उजवीकडे गेली. तिच्या वजनाच्या नकाशाला उजवीकडे एक लांब शेपटी होती. सरांच्या उजेडालाही तशीच शेपटी, तेवढीच लांब, त्याच बाजूला वळलेली. लाल रेषा काळ्या पट्ट्यावर अशा बसल्या की एका हाताने काढल्यासारख्या.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्य पुढे होऊन बघू लागले. सायली एका हाताने कागद धरून दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती. म्हात्र्यांनी डब्याची दोरी सोडायला घेतली.

"म्हात्रे, थांबा," सर म्हणाले. "पेढे उघडू नका."

मग त्यांनी उभ्या उभ्या, वर्गात शिकवतात त्याच आवाजात, मंगळवारचं सगळं सांगितलं. वीज कधी आली, कागद कसा आला, त्यांनी तो किती वेळ पाहिला. पाच-सहा श्वासांएवढा, असं म्हणाले. शेपटी उजवीकडे आहे हे त्यांना दिसलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी त्या ताऱ्याभोवतीचं वर्तुळ लहान काढलं. तेव्हा हा उजेडाचा नकाशा धरता येणार नाही.

मग म्हात्रेच बोलले. माणूस रागावला नव्हता, त्याला खरोखर समजून घ्यायचं होतं. "सर, मी अडानी मानूस. पन तुमी बगितलं म्हनून आभाल बदललं का?"

"आभाळ नाही बदललं, म्हात्रे. वर्तुळ बदललं असेल."

सायली अजून खिडकीपाशीच होती. तिने विचारलं, "तुम्ही मुद्दाम लहान काढलंत?"

"नाही."

"मग ते लहान आहे म्हणून चूक आहे कशावरून? बघितलं नसतंत तरी तेवढंच काढलं असतं, असंही असेल."

"असेल."

"मग?"

सर कॉलेजात एरवी छापील मराठी बोलत. त्या क्षणी ते थळचं बोलले. "माजा हात वलला का न वलला, मना न्हाय ठावं, पोरी. त्येच तर."

तिने विचारलं, इतके दिवस गप्प का बसलात? सर म्हणाले, त्यांना वाटलं होतं की विसरता येईल. पाहिलेलं बाजूला ठेवून काम करता येईल. आणि तिची तारीख होती. एवढं बोलून ते थांबले, आणि मला वाटलं आता माझं नाव घेतील, कारण मी दारात होतो हे त्यांना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मीच बोललो. म्हटलं, सायली, मी सरांना कागद पालथा करताना पाहिलं होतं. तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मला अजून आठवतं. तिने दोन्ही कागद टेबलावर ठेवले, वडिलांना म्हणाली, चला बाबा, आणि पेढ्यांचा डबा तसाच काखेत घेऊन ते तिच्या मागे गेले.

जागा गेली. गणपती आले आणि गेले. सायली कॉलेजात यायची, आपल्या संगणकावर काम करायची, आणि सर समोरून आले तर भिंतीकडे बघत जायची. सरांच्या अंगावर सगळं कॉलेज तुटून पडलं. कोण म्हणे म्हाताऱ्याला हट्ट, कोण म्हणे पोरीवर जळला. सर काही उत्तर देत नसत. मी मात्र दोघातिघांशी भांडलो, एकाशी तर चांगलंच.

तो नकाशा पुन्हा काढायला असा माणूस हवा होता ज्याने सायलीचा नकाशा पाहिला नाही. आमच्या प्रयोगशाळेत तर आता सगळ्यांनीच पाहिलेला. पुण्यात सरांच्या ओळखीच्या एक संशोधक बाई होत्या, सरांबरोबर शिकलेल्या. सरांनी त्यांना मूळ चित्रं पाठवली आणि सोबत फक्त एक ओळ लिहिली की उजेडाचा नकाशा हवा आहे, का ते विचारू नये. फोनवर बोलायला मात्र ठाम नकार. आपल्या आवाजावरून बाईंना काहीतरी कळेल अशी त्यांना धास्ती. म्हणून फोन मी करायचा आणि फक्त विचारायचं, पाकीट कधी येईल? बाई बिचाऱ्या विचारत, नाखवा बरे आहेत ना, हे काय चाललंय? आणि मी, ज्याला बोलल्याशिवाय राहवत नाही हे चौलमध्ये लहान पोराला विचारलं तरी सांगेल, "बरे आहेत, पाकीट कधी येईल?" एवढंच म्हणत राहायचो. असे पाच महिने काढले.

पाकीट आलं ते फेब्रुवारीत. या वेळी कुणाला बोलावलं नाही. प्रयोगशाळेत सर, सायली आणि मी. सायलीने वडिलांना सांगितलंच नव्हतं. ती सरांशी अजून बोलत नव्हती, पण पाकीट तिने एकटीने फोडलं नाही, ते सरांच्या पुढे धरलं. सर म्हणाले, तूच फोड.

तिने पुण्याचा नकाशा काचेवर धरला आणि वर आपला ठेवला. मधला भाग बसला, पहिल्यापेक्षाही नेमका. मी श्वास सोडला. मग आम्ही तिघांनी उजवीकडे बघितलं. शेपटी होती, पण अर्धी. अर्ध्या वाटेवर उजेड संपत होता आणि पुढे सायलीच्या लाल रेषा एकट्याच जात होत्या. जिथे सरांच्या नकाशात उजेडाचा पट्टा होता तिथे आता कोरं होतं.

"वर्तुळ केवढं आहे?" सरांनी विचारलं.

सायलीने सोबतचा कागद वाचला. सरांच्या जवळजवळ दीडपट. आणि बाईंनी का ते लिहिलं होतं. ताऱ्याच्या पलीकडच्या बाजूला, जिथे समूहाचा काही संबंध नाही, तिथेही त्यांनी उजेड मोजला होता. तो तेवढाच भरला. म्हणजे तो ताऱ्याचाच सांडलेला उजेड होता, समूहाचा नव्हे. सरांना ही गोष्ट माहीत नव्हती असं नाही. पलीकडची बाजू मोजून बघायची हे त्यांनीच सायलीला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. त्या बुधवारी सकाळी त्यांनी ती मोजली नाही. हवं ते उत्तर समोर दिसल्यावर त्यांना ती मोजावीशी वाटली नाही.

सायली वाचता वाचता मध्येच थांबली होती. सरांनी पलीकडची बाजू मोजलीच नव्हती हे तिच्या लक्षात आलं, आणि पुढचं वाचू नये असं तिला वाटलं, हे मला तिच्या आवाजावरून कळलं. इतके महिने तिला हेच तर ऐकायचं नव्हतं की सरांचं बरोबर होतं. आणि आता ते बरोबर निघालं होतं ते असं.

सर म्हणाले, "म्हणजे हात वळला."

ते खिडकीपासून दूर जाऊन माझ्या स्टुलावर बसले. मी त्यांना इतक्या वर्षांत त्या स्टुलावर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. सायलीने नकाशाच्या मधल्या भागावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "सर, अर्धी आहे ना. मधलं सगळं आहे."

"आहे. तेवढंच आपलं."

त्या दिवसापासून ती त्यांच्याशी बोलायला लागली. लगेच पूर्वीसारखं नाही, आधी कामापुरतं. प्रबंध लहान झाला, दावा लहान झाला. समूहाच्या मधल्या भागात भटक्या ताऱ्यांचा उजेड कृष्णद्रव्याचा आकार दाखवतो, टोकाला तो तेवढा पोचतो असं म्हणता येत नाही, इतकंच. पण जे लिहिलं होतं त्यावर बोट ठेवायला परीक्षकांना जागा मिळाली नाही. परदेशातली दुसरी एक जागा तिला पुढच्या वर्षी मिळाली, पहिलीपेक्षा साधी. ती गेली आणि तिथे चांगलं चाललंय. चहाच्या टेबलावर हे कुणी सांगत नाही.

सरांना मी शेवटचं नीट पाहिलं ते त्यांच्या निवृत्तीच्या आठवड्यात. निरोपसमारंभाला ते अवघडून बसले होते, ते मी धरत नाही. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी सायली प्रबंधाचं शेवटचं प्रकरण दाखवायला आली होती. त्यात एक पान होतं, पहिला नकाशा का सोडून द्यावा लागला त्याबद्दल. तिने फार सांभाळून लिहिलं होतं. एका निरीक्षकाच्या नजरेस दुसरा नकाशा अनवधानाने पडला, त्यामुळे मोजमापावर परिणाम झाला, असं काहीतरी.

सर ते पान दोनदा वाचून पेन शोधू लागले. मी माझं दिलं. त्यांनी "एका निरीक्षकाच्या" हे शब्द खोडले आणि वर आपलं पूर्ण नाव लिहिलं. त्याच्यापुढे लिहिलं, चौतीस वर्षांचा अनुभव. खाली आणखी एक वाक्य घातलं की या माणसाने ही गोष्ट अकरा दिवस लपवली.

सायलीचा चेहरा पडला. ती म्हणाली, "नको ना, सर. काय झालं ते कळलं की पुरे. नाव कशाला?"

"नाव नसलं तर वाचणाऱ्याला वाटेल, कुणी नवशिक्या होता," सर म्हणाले. "तो म्हणेल, मी असं करणार नाही, आणि पान उलटेल."

तिथेच संगणकावर बसून तिने ते पान बदललं. सर तिच्या मागे उभे राहून बघत होते. थळची बस सव्वाचारची, चार वाजून गेले होते, मी दोनदा घड्याळ दाखवलं, तरी ते हलले नाहीत. पान छापून निघालं. सरांनी चष्मा वर सरकवून, कागद डोळ्यांजवळ धरून, आपल्या नावाचं एकेक अक्षर तपासलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले, कागद सायलीच्या हातात दिला, आणि पिशवी उचलून बस गाठायला निघून गेले.